टेबलावरचे फासे आणि कार्यालयातले नेतृत्व : डंजन मास्टर चांगला साहेब होतो का?

वीसबाजू

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम खेळणारी माणसे संघात चांगली मिसळतात आणि पुढे नेतृत्वही चांगले करतात, असे विधान अलीकडे व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणवर्गांत माझ्या कानावर अनेकदा पडले आहे. मी स्वतः हे खेळ खेळतो, अधूनमधून डंजन मास्टर म्हणूनही बसतो आणि पुण्याजवळच्या एका कारखान्यात उत्पादन नियोजनाचे काम पाहतो. त्यामुळे हे विधान मला आवडावे असेच आहे, आणि नेमके म्हणूनच ते जरा तपासून घ्यावेसे वाटते.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चारपाच जण टेबलाभोवती बसतात आणि प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो. एक जण मास्टर होतो. तो परिस्थिती सांगतो, खेळाडू आपापले पात्र काय करते ते सांगतात आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासा टाकला जातो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने हा प्रकार रूढ केला आणि त्यानंतर त्याच्या असंख्य शाखा फुटल्या.

माझे मत असे आहे की या खेळात अधिकाराची जी वाटणी आहे ती शिकण्यासारखी आहे. मास्टरच्या हाती सगळे जग असते, पाऊस पाडायचा की पूल कोसळवायचा हे तोच ठरवतो, परंतु खेळाडूच्या पात्राने काय करावे हे ठरवण्याचा अधिकार त्याला नसतो. जो मास्टर आधी ठरवलेल्या कथेच्या रुळावरून खेळाडूंना ओढत नेतो, त्याच्या टेबलावरची माणसे हळूहळू मोबाइल काढून बसतात. मी हे पाहिले आहे, आणि तसेच बैठकांतही पाहिले आहे. प्रश्न एवढाच आहे, की टेबलावर लागलेली ही सवय कार्यालयात खरोखर सोबत येते का, आणि येत असेल तर तिचा नेमका कोणता भाग येतो?

चकवा

आमच्या कार्यालयातही साहेबच डंजन मास्टर आहेत. फरक इतकाच की फासे फक्त त्यांच्या पडद्याआड पडतात आणि आम्हाला थेट निकाल कळवला जातो.

शंकासुर

वीसबाजू, तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे, पण त्याच्या मुळाशी असलेले गृहीतक मला मान्य नाही. खेळाच्या टेबलावर जी समता दिसते ती मास्टरच्या शहाणपणातून आलेली नसते. ती या साध्या वस्तुस्थितीतून येते की कोणीही खेळाडू पुढच्या रविवारी न येण्यास मोकळा असतो. मास्टरला खेळाडूंचे ऐकावेच लागते, कारण खेळाडू नसतील तर त्याचे ते सगळे जग वहीतच राहते. कार्यालयात घरभाडे आणि मुलांची फी माणसाला खुर्चीवर बसवून ठेवते, त्यामुळे वाईट मास्टरचेही टेबल वर्षानुवर्षे भरलेले दिसते. ज्याचे खेळाडू उठून जाऊ शकत नाहीत, त्याला खेळातून मिळालेले शिक्षण वापरण्याची गरज का भासावी?

दुसरे असे की खेळात पात्र मेले तर नवीन कागद घेऊन नवीन पात्र करता येते. नोकरी गेली तर तसे होत नाही.

जुना_गडी

शंकासुर, १९७७ च्या ‘ट्रॅव्हलर’ या खेळात तर पात्र तयार करतानाच, खेळ सुरू होण्याआधी, मरू शकत असे. रुजू होण्यापूर्वीच सेवानिवृत्ती! हे एक गंमत म्हणून सांगितले. मूळ मुद्द्यावर सविस्तर लिहायचे आहे, ते नंतर लिहितो.

मापारी

हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही, कारण या खेळांचे एक मूळ प्रशिक्षणातच आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने आपल्या वडिलांच्या युद्धखेळाला नवे रूप दिले. त्यात दोन्ही बाजूंच्या मध्ये एक पंच असे. खेळाडूने लेखी हुकूम द्यायचा, पंचाने नकाशा, तक्ते आणि फासे यांच्या आधारे त्याचा परिणाम ठरवायचा, आणि प्रत्यक्ष रणांगणावर सेनापतीला जेवढे दिसले असते तेवढेच खेळाडूला सांगायचे, अशी रचना होती. अपुऱ्या माहितीवर निर्णय घेण्याचा आणि आपला हुकूम दुसऱ्याला नेमका समजेल असा लिहिण्याचा तो सराव होता. पुढे १८७६ मध्ये फेर्डी द्यु फेर्नुआ यांनी तक्त्यांचे ओझे बाजूला सारून अनुभवी पंचाच्या विवेकावर भर दिला. नियम मोठा की अधिकाऱ्याचा विवेक मोठा, हा कार्यालयातला रोजचा वाद तेव्हापासून या खेळांत चालू आहे.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो १९६९ चा प्रसंग. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली यांनी ब्राउनस्टाइन नावाच्या काल्पनिक जर्मन गावावर, नेपोलियनच्या काळातला एक खेळ रचला आणि सैन्याच्या तुकड्यांबरोबरच गावातल्या एकेका माणसाच्या भूमिका खेळाडूंना दिल्या. खेळाडूंनी पंचाची वाट न पाहता आपापसात वाटाघाटी आणि कारस्थाने सुरू केली. सगळी घडी विस्कटली आणि आपला खेळ फसला, असे वेस्ली यांना वाटले. खेळाडूंनी मात्र पुन्हा तसाच खेळ हवा असा आग्रह धरला. त्या मंडळींतच आर्नेसन होते आणि डंजन्स अँड ड्रॅगन्सकडे जाणारी वाट तिथून निघाली. प्रमुखाला जो गोंधळ वाटतो तो कधीकधी गट स्वतःहून कामाला लागल्याचा आवाज असतो, हे ओळखणे मला नेतृत्वातली फार अवघड गोष्ट वाटते.

शंकासुर

मापारी, माहिती उत्तम आहे. परंतु प्रशियाचे अधिकारी युद्धाचा खेळ खेळून युद्ध शिकत होते. येथे राक्षस मारून तिमाही अहवाल लिहायला शिकता येते, असा दावा आहे. मधली पायरी कोणी दाखवील का?

लेखापरीक्षक

मधली पायरी मी आकड्यांत दाखवण्याचा प्रयत्न करतो. तिला नेतृत्व म्हणावे की नाही ते आपण ठरवा.

समजा, चौघांच्या टोळीला पहारेकऱ्याच्या नजरेआडून निसटायचे आहे आणि प्रत्येकाला यश मिळण्याची शक्यता ६० टक्के आहे. चौघांनाही यश मिळालेच पाहिजे असा नियम मास्टरने लावला, तर टोळी निसटण्याची शक्यता सुमारे १३ टक्के उरते. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या, म्हणजे पाचव्या आवृत्तीत गटचाचणीचा नियम आहे: निम्म्या किंवा अधिक जणांना यश मिळाले तर गटाला यश मिळाले असे धरायचे, कारण जे सरस आहेत ते कच्च्यांना सांभाळून नेतात. हा नियम लावला की तीच शक्यता सुमारे ८२ टक्के होते. माणसे तीच, त्यांचे कौशल्य तेच. बदलली ती फक्त यश मोजण्याची रीत.

माझ्या कामात मी असे प्रस्ताव पाहतो जे चार टेबलांवरून जातात आणि चारांपैकी कोणीही एक जण ते अडवू शकतो. प्रत्येक टेबलावरचा माणूस आपापल्या परीने बरा असतो, तरी प्रस्ताव अडकतात आणि मग दोष माणसांना दिला जातो. मोजण्याची रीत कोणी ठरवली हे कोणी विचारत नाही. टेबलावर मात्र खेळाडू मास्टरला लगेच विचारतात, की ही गटचाचणी आहे की प्रत्येकाची वेगळी.

साहाय्याचाही नियम पाहण्यासारखा आहे. एखाद्याला सोबत्याने मदत केली तर तो वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घेतो, म्हणजे ६० टक्क्यांची शक्यता ८४ टक्क्यांवर जाते. परंतु जे काम स्वतःला एकट्याने करून पाहता येत नाही, त्यात मदत करता येत नाही, आणि सुईत दोरा ओवण्यासारख्या कामात मदतीचा काही उपयोग नाही, असेही ते पुस्तक बजावते. किती कामांवर आपण तीन माणसे उगाच बसवतो ते आठवून पाहा.

शंकासुर

हे पटले, पण अर्धेच. काही कामे खरोखरच सगळ्यांनी बिनचूक करावी लागतात. औषधांच्या कारखान्यात चारपैकी दोघांनी तपासणी केली तर गटाला यश मिळाले असे म्हणाल का?

लेखापरीक्षक

मुळीच नाही. तिजोरीला कुलूप लावण्याचे काम निम्म्या लोकांनी केले तरी चालेल, असे म्हणणाऱ्याचा अहवाल मी स्वतः लिहीन. कोणते काम कोणत्या प्रकारचे आहे हे आधी सांगितले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

जुना_गडी

आता सविस्तर लिहितो. वीसबाजू यांच्या मूळ पोस्टमध्ये आणि चकवा यांच्या विनोदातही एक गोष्ट गृहीत धरली आहे, की कार्यालयातला नेता म्हणजे टेबलावरचा मास्टर. मला हे जुळवणेच चुकीचे वाटते. मास्टरच्या हाती जग असते. विभागप्रमुखाच्या हाती जग नसते. बाजारभाव, ग्राहकाची लहर, वरून आलेली मुदत या गोष्टी तो ठरवत नाही, त्याही त्याच्यावर येऊन आदळतात. तो टेबलाच्या खेळाडूंच्या बाजूलाच बसलेला असतो.

सुरुवातीच्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये खेळाडूंपैकी एकाला ‘कॉलर’ म्हणत. गटाने चर्चा करून जे ठरवले ते मास्टरला एकत्रितपणे सांगायचे, हे त्याचे काम असे. १९८१ च्या प्राथमिक नियमपुस्तकात हे काम नीट समजावून दिले आहे आणि एक मर्यादाही घातली आहे: कॉलर हा मध्यस्थ आहे, कोणत्याही खेळाडूच्या इच्छेविरुद्ध त्याच्या पात्राचा निर्णय त्याने घ्यायचा नाही. त्याच्या जोडीला ‘मॅपर’ असे, जो भुयाराचा नकाशा काढत जाई. म्हणजे गट कुठे आहे आणि कुठून आला याची लेखी नोंद ठेवी. पुढच्या आवृत्त्यांत या दोन्ही भूमिका मागे पडल्या, कारण टोळ्या लहान झाल्या आणि प्रत्येक जण थेट मास्टरशी बोलू लागला.

मी ज्या चांगल्या प्रमुखांच्या हाताखाली काम केले ते सगळे या अर्थाने कॉलर होते. वरिष्ठांशी बोलण्याआधी ते सर्वांना विचारत, सर्वांचे म्हणणे एका वाक्यात बांधत आणि परतीचे उत्तर जसेच्या तसे आणून देत. वाईट प्रमुख स्वतःला मास्टर समजत. म्हणून, या खेळातून नेतृत्व शिकायचे असेल तर मास्टरच्या खुर्चीवर बसण्याआधी कॉलर व्हावे, असे मी म्हणेन.

मापारी

जुना_गडी, मॅपरची आठवण काढल्याबद्दल आभार. माझे सदस्यनाम कुठून आले हे आज पहिल्यांदा कोणाच्या तरी लक्षात येईल. नकाशा काढणाऱ्याला कोणी नेता म्हणत नाही, पण परतीची वाट फक्त त्यालाच माहीत असते.

रेवती_सा

कॉलरबद्दलचे विवेचन आवडले, परंतु ती भूमिका मागे पडली याचे मला वाईट वाटत नाही. कॉलर निवडला जात नाही, तो बनतो, आणि बहुतेक वेळा ज्याचा आवाज मोठा तोच बनतो. मी ज्या गटात सुरुवातीला खेळत असे तिथे मी एकटीच स्त्री होते. मी सुचवलेली युक्ती पाच मिनिटांनी दुसरा कोणी तरी मोठ्याने सांगे आणि मास्टर त्याच्याकडे पाहून फासा टाकायला सांगे. बैठकीत हेच होते हे येथील अनेक जणींना वेगळे सांगायला नको.

नंतरच्या एका गटातील मास्टरची पद्धत वेगळी होती. कोणताही मोठा निर्णय होण्यापूर्वी ती प्रत्येकाला, पात्राच्या नावाने, ‘तू काय करतेस?’, ‘तू काय करतोस?’ असे विचारी आणि जो नेहमी आधी बोलतो त्याला मुद्दाम शेवटी विचारी. लढाईत फाशाने क्रम ठरतो, तेव्हा लाजाळू माणसालाही आपली पाळी हक्काने मिळते. ती हाच न्याय संवादाच्या प्रसंगांनाही लावत असे. मी आता आमच्या विभागाच्या बैठकीत हे करते आणि त्याला कोणतेही भारदस्त नाव देत नाही. शंकासुर यांना हवी असलेली मधली पायरी कदाचित अशीच असेल. मोठे तत्त्व सोबत येत नाही, एखादी लहानशी रीत मात्र येते.

मिल्टनकीन्सचा_पाहुणा

मी इंग्लंडमध्ये ज्या कंपनीत होतो (नाव सांगत नाही) तिथे मनुष्यबळ विभागाने संघबांधणीच्या नावाखाली डंजन्स अँड ड्रॅगन्सचा एक अनिवार्य दिवस ठेवला होता. बाहेरून मास्टर बोलावले होते आणि ते आपल्या कामात निष्णात होते. तरी तो दिवस फसला, कारण प्रत्येक टेबलावर मागे एक निरीक्षक वही घेऊन बसला होता. कोण पुढाकार घेतो, कोण ऐकतो याची नोंद होणार हे कळल्यावर आमच्या टोळीतील पाचही साहसवीर इतके सौजन्याने वागू लागले, की गुहेच्या दारात ‘आधी आपण’ करण्यातच पहिला तास गेला. तिथल्या राक्षसालाही बहुधा आमची दया आली असेल.

खेळातून काही शिकायचे असेल तर त्यात चुकण्याची मुभा लागते, आणि मूल्यमापन आले की ती मुभा जाते. शंकासुर यांचा पहिला आक्षेप मला म्हणूनच पूर्ण मान्य आहे. जिथून उठून जाता येत नाही तो खेळ उरत नाही.

अर्धवट_यश

चुकण्याच्या मुभेविषयी थोडे. नव्या पिढीतील काही खेळ या बाबतीत डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पुढे गेले आहेत. २०१० च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’पासून सुरू झालेल्या परंपरेत सहा बाजूंचे दोन फासे टाकतात. बेरीज १० किंवा अधिक आली तर पूर्ण यश, ७ ते ९ आली तर यश मिळते पण किंमत मोजावी लागते, आणि ६ किंवा कमी आली तर मास्टर संकट उभे करतो. कोणतीही अधिकची भर नसेल तर पूर्ण यशाची शक्यता सहात एक असते आणि किंमत देऊन मिळणाऱ्या यशाची सुमारे ४२ टक्के. म्हणजे निकालाच्या तीन प्रकारांत निखळ यश सगळ्यात दुर्मीळ. माझे सदस्यनाम त्यावरूनच आहे, आणि माझी कारकीर्दही साधारण त्याच पट्ट्यात चालू आहे. या परंपरेतल्या ‘डंजन वर्ल्ड’मध्ये तर बेरीज ६ किंवा कमी आली की त्या खेळाडूला अनुभवाचा गुण मिळतो.

मला यापेक्षाही उपयोगी वाटणारा नियम २०१७ च्या ‘ब्लेड्स इन द डार्क’मध्ये आहे. खेळाडूने फासे उचलण्यापूर्वी मास्टरने दोन गोष्टी उघड सांगायच्या असतात: परिस्थिती किती धोक्याची आहे आणि यश आले तर त्यातून किती पदरात पडेल. ते ऐकून खेळाडू मागे हटू शकतो, वेगळा मार्ग निवडू शकतो किंवा सगळे समजून उडी घेऊ शकतो. हाताखालच्या माणसाला काम देताना ‘हे फसले तर काय होईल आणि साधले तर किती साधेल’ एवढे दोन वाक्यांत सांगणारा वरिष्ठ मला फार क्वचित भेटला आहे. बहुतेक जण फासे पडल्यानंतर धोका किती होता ते सांगतात.

पिंगुळीकर

वरची चर्चा वाचताना आमच्याकडचा दशावतार आठवला. तिथेही लिहिलेली संहिता नसते. कथानक, प्रवेशांचा क्रम आणि कोणी कोणती भूमिका करायची हे आधी ठरते, आणि मग रंगमंचावर उभे राहून पात्रे आपले संवाद आयत्या वेळी रचतात. समोरच्याने टाकलेला शब्द झेलायचा, त्याला उत्तर देता येईल असाच शब्द परत टाकायचा, आणि पेटीवाला व मृदंगवाला यांच्यावर कान ठेवून प्रवेश लांबवायचा की आवरायचा हे जाणायचे. एखादा नट स्वतःच टाळ्या घेत राहिला आणि समोरच्याला बोलायला जागा ठेवली नाही, तर प्रेक्षकांआधी मंडळातील माणसे त्याच्यावर नाराज होतात. रेवती_सा यांनी सांगितलेली पाळीची शिस्त तिथे कोणी शिकवत नाही. ती वर्षानुवर्षे सोबत उभे राहून अंगी मुरते.

आणि शंकासुर, आपण हे नाव घेऊन सगळ्यांचे मुद्दे खोडत आहात, पण आमच्याकडे शंकासुराचा वध पूर्वरंगातच होतो याची नम्र आठवण करून देतो.

शंकासुर

पिंगुळीकर, वध होतो हे खरे, पण त्याआधी तो लोकांना भरपूर हसवतो. मी तेवढेच करतो आहे.

आपल्या उदाहरणातली एक गोष्ट मात्र वीसबाजू यांच्या विरोधात जाते. मंडळातली माणसे हंगामभर एकत्र राहतात, एकत्र जेवतात, एकत्र प्रवास करतात. त्यांच्यातला मेळ त्या सहवासातून येतो. एका शनिवारी चार तास खेळून तो येईल अशी अपेक्षा कोणी करू नये.

भोंगा

मी रासायनिक कारखान्याच्या सुरक्षा विभागात आहे. घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांनुसार कारखान्यातील आपत्कालीन आराखड्याचा सराव दर सहा महिन्यांनी घ्यावा लागतो. प्रत्यक्ष सरावाच्या आधी आम्ही टेबलटॉप सराव घेतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या सरावांतही हीच पद्धत आहे. नकाशा पसरायचा, सूत्रधाराने ‘क्लोरीनची गळती, वारा वस्तीच्या दिशेने’ असे सांगायचे, मग प्रत्येक विभागाने आपण काय करू ते सांगायचे आणि सूत्रधाराने दर थोड्या वेळाने नवी अडचण टाकत जायची. म्हणजे मापारी यांनी सांगितलेल्या पंचाचेच हे वंशज म्हणायचे.

या सरावातली मुख्य अडचण अशी, की त्यात प्रत्येक जण स्वतःचीच भूमिका करतो. कनिष्ठ माणूस वरिष्ठाच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर देतो आणि सगळे आराखड्यातले परिच्छेद म्हणून दाखवतात. मी स्वतः रविवारी फासे खेळणारा असल्यामुळे एकदा भूमिकांची अदलाबदल करून पाहिली. संयंत्र प्रमुखांना मुख्य दारावरचा सुरक्षारक्षक केले आणि एका पर्यवेक्षकाला संयंत्र प्रमुख. थोड्याच वेळात ‘रक्षक’ झालेल्या साहेबांनी विचारले की अग्निशमन केंद्राचा क्रमांक कुठे आहे, आणि तो दारावर लावलेलाच नाही हे तिथे उघड झाले. क्रमांकाची पाटी त्याच आठवड्यात लागली. दुसऱ्याच्या जागी बसून बोलायला लागले की माणूस निराळे प्रश्न विचारतो, आणि पात्राच्या आडून बोलता आले की कनिष्ठालाही ‘हे चालणार नाही’ म्हणता येते. शंकासुर यांची मधली पायरी मला इथे दिसली.

शंकासुर

भोंगा, या उदाहरणाला माझा विरोध नाही. इथे राक्षसही नाही आणि संघबांधणीचा देखावाही नाही. हे मान्य.

वीसबाजू

उत्तम प्रतिसादांबद्दल सर्वांचे आभार. जुना_गडी यांच्या लिखाणानंतर मूळ प्रश्न जरा बदलून मांडावासा वाटतो: मास्टर चांगला साहेब होतो का, यापेक्षा टेबलावरची कोणती रीत उचलून नेता येते, हा प्रश्न अधिक कामाचा दिसतो.

त्या यादीत मी ‘सेशन झीरो’ची भर घालीन. मोहीम सुरू होण्याआधी सगळे एकदा भेटतात आणि कोणत्या प्रकारचा खेळ हवा, कोणता विषय टेबलावर नको, कोणाला किती वेळ आहे, एखादा गैरहजर राहिला तर त्याच्या पात्राचे काय करायचे, हे ठरवून घेतात. खेळताना एखादी गोष्ट असह्य झाली तर कारण न देता थांबवण्याची सोयही त्याच वेळी सांगितली जाते. नव्या प्रकल्पाची पहिली बैठक आम्ही आता काहीशी अशी घेतो. उद्दिष्टे आणि तारखा असतातच, पण कोणाची परीक्षा आहे, कोणाच्या घरी आजारपण आहे आणि संध्याकाळी सातनंतर कोणाला फोन करायचा नाही, हेही पहिल्याच दिवशी बोलले जाते.

आणखी एक निरीक्षण. आमच्या गटात सुरुवातीला सगळा खेळ इंग्रजीत चाले, कारण पुस्तके इंग्रजीत आहेत. फर्डे इंग्रजी बोलणारे दोघे जण आपोआप पुढारी झाले होते. एकदा ठरवून मराठीत खेळायला सुरुवात केली, तेव्हा देखभाल विभागातले आमचे एक सहकारी, जे तोवर फक्त फासा टाकत, त्यांनी नगरशेठशी अशी काही घासाघीस केली की आम्ही बघत राहिलो. त्यानंतर मी बैठकांत कोण गप्प असतो हे पाहताना बैठक कोणत्या भाषेत चालली आहे, हेही पाहू लागलो.

रेवती_सा

वीसबाजू, हा भाषेचा मुद्दा खरे तर स्वतंत्र धाग्याचा आहे. जरूर काढा.

नवखी

मी हे खेळ कधी खेळलेले नाहीत, पण धागा वाचून कार्यालयातल्या मैत्रिणींबरोबर सुरू करावेसे वाटते आहे. खर्च किती येतो आणि किती जण लागतात?

जुना_गडी

सुरुवातीला खर्च जवळजवळ नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत. सात फाशांचा एक संच सगळ्यांत मिळून पुरतो; तोही नको असेल तर मोबाइलवर फासे टाकता येतात. एक मास्टर आणि चार खेळाडू ही सोयीची संख्या आहे. पहिल्यांदा एका बैठकीत संपणारी कथा घ्या आणि तीनचार तास हाताशी ठेवा.

नवखी

आभारी आहे. आम्ही मास्टर धरून पाच जणी होतो, पण आमच्या विभागप्रमुखांना कुठून तरी कुणकुण लागली आहे आणि त्यांनाही यायचे आहे. त्यांना घ्यावे का?

शंकासुर

मी आत्तापर्यंत विरोधात बोललो म्हणून माझे उत्तर ऐका: घ्या, पण तीन अटींवर. त्यांनी मास्टर व्हायचे नाही, कॉलर व्हायचे नाही, आणि सोमवारी त्या खेळाचा उल्लेख कोणाच्याही कामाच्या संदर्भात करायचा नाही. या अटी त्यांनी हसत मान्य केल्या तर तुमच्या प्रमुखांना या खेळाची फारशी गरज नाही. मान्य केल्या नाहीत, तर खेळ घरी ठेवा आणि घरचा पत्ता कळवू नका.

लेखापरीक्षक

घेण्यापूर्वी एक आकडा लक्षात घ्या. चार खेळाडू असताना गटचाचणीला दोघींचे यश पुरते. पाचवा खेळाडू आला की निम्म्याहून कमी चालत नाही म्हणून तिघांचे यश लागते, आणि प्रत्येकाची शक्यता तीच ६० टक्के धरली तर गटाची शक्यता ८२ वरून ६८ टक्क्यांवर येते. माणूस वाढला आणि यश कमी झाले, असे हे गणित आहे.

नवखी

हे गणित साहेबांना दाखवू का?

चकवा

दाखवा, पण जाताना सहावा खेळाडू शोधून ठेवा. सहा जणांतही तिघांचेच यश लागते, त्यामुळे आकडा पुन्हा ८२ वर जातो आणि साहेबांना वाटेल की तो त्यांच्यामुळेच वाढला.